गळक्या टाकीचं फायबर: विरजणाचं गणित आणि मराठवाड्याचं ऊन

नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात टाकी गळायला लागली की घरात पहिला प्रश्न येतो, फोडून नवी बांधायची की आतून काही लावून भागेल? सेकंदाला एक थेंब गळाला तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं. दोन नळांच्या मधल्या आठ दिवसांत दोन घागरी. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरकरांना हा हिशोब वेगळा सांगायला नको.

अशा वेळी कुणीतरी सुचवतं, ‘आतून फायबर मारून घ्या’. सल्ला चुकीचा नाही. पण त्याच गल्लीत फायबर मारलेल्या दुसऱ्या टाकीचा पापुद्रा दोन वर्षांत सुटून आलेलाही दिसतो. माल तोच, दुकानही तेच, मग फरक कुठे पडला? बहुतेक वेळा तीन ठिकाणी: भिंत ओली होती, फायबर घट्ट करणारं हार्डनर अंदाजाने ओतलं, नाहीतर भर दुपारी काम केलं.

फायबर म्हणजे नेमकं काय?

माळवदाच्या घरांच्या मातीच्या भिंती आठवा. नुसत्या मातीचा गिलावा वाळला की तडकतो, म्हणून त्यात भुसा किंवा तूस मळतात. माती आकार देते, जागेवर धरून ठेवते. भुसा तिला तडकू देत नाही. फायबरचं तंत्र तेच आहे, फक्त भुशाच्या जागी काचेचे बारीक धागे आणि मातीच्या जागी रेझीन.

रेझीन म्हणजे मधासारखी घट्ट, उग्र वासाची राळ. तिच्यात हार्डनर घातलं की ती घट्ट होते आणि पुन्हा कधी वितळत नाही. मॅट म्हणजे साधारण दोन इंची काचेचे धागे सगळ्या दिशांना विस्कटून, हलक्या चिकटद्रव्याने धरून केलेली चादर. ती वजनावर ओळखतात. ‘साडेचारशेची मॅट’ म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम. टाकीच्या कामाला हीच बरी. तिचा एक थर रेझीन पिऊन वाळला की जेमतेम एक मिलिमीटर जाडी भरते.

ताकद असते ती धाग्यांत. रेझीन जास्त ओतलं की काम मजबूत होतं हा मोठा गैरसमज आहे. धागे भिजून त्यांच्यातली हवा निघून जाईल इतकंच रेझीन लागतं. त्यावर जे साचतं ते नुसता ठिसूळ पापुद्रा.

विरजण आणि हार्डनर

हार्डनरचं पूर्ण नाव मिथाइल इथाइल किटोन पेरॉक्साइड. दुकानात त्याला कुणी कॅटॅलिस्ट म्हणतं, कुणी हार्डनर. इथे हार्डनरच म्हणू. दूध आणि विरजणाचं जे नातं, तेच रेझीन आणि हार्डनरचं. थोडंसं घातलं की सगळं भांडं लागतं. उन्हाळ्यात दही चार तासांत लागतं, थंडीत रात्र पुरत नाही; रेझीनही तसंच वागतं.

पण एका ठिकाणी ही उपमा फसवते, आणि चुका नेमक्या तिथेच होतात. विरजण कमी पडलं तरी दही उशिरा का होईना लागतं. हार्डनर कमी पडलं तर रेझीन पुरतं कधीच वाळत नाही. महिन्याने बोट लावलं तरी मऊच लागतं, आणि असं अर्धकच्चं रेझीन पाण्यात वास सोडत राहतं. जास्त घातलं तरी भलं नाही, कारण हार्डनर दुसऱ्या एका तेलकट द्रवात मिसळून विकतात. ते तेल जास्त झालं की राळ कमकुवत राहते. म्हणून मर्यादा पाळायची: रेझीनच्या वजनाच्या १ ते २ टक्के. मधला आकडा १.५ टक्के, म्हणजे एक किलो रेझीनला १५ ग्रॅम. झाकणाने किंवा ‘चुळकाभर’ अशा मापाने हे जमत नाही. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा डिजिटल काटा चालतो, किंवा बिनसुईची सिरिंज. १५ ग्रॅम म्हणजे साधारण १३ मिलिलिटर.

तिसरी बाटली कोबाल्टची, जांभळी. हिचं काम हार्डनरला जागं करायचं. बरीच रेझीन्स कोबाल्ट आधीच मिसळून येतात. दुकानात हे विचारून घ्या, नाहीतर दुसऱ्यांदा घातलं जाईल आणि बादलीतच धोंडा होईल. वेगळं घालायचं असेल तर किती ते डब्यावर पाहायचं, कारण कोबाल्टच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझीनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, त्यानंतर हार्डनर. दोन्हींसाठी एकच माप किंवा एकच काडी वापरायची नाही.

बेचाळीस अंशांत काय होतं?

ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की रेझीन घट्ट व्हायला लागणारा वेळ निम्म्यावर येतो. डब्यावर २५ अंशांना २० मिनिटं लिहिली असतील तर ३५ अंशांना साधारण १० मिनिटं हातात राहतात. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात, बेचाळीस अंशांत, पाच-सहा मिनिटं मिळाली तरी खूप. त्यात गच्चीवरच्या टाकीची भिंत हवेपेक्षाही तापलेली असते.

त्यावर ‘मग हार्डनर कमी घालू’ हा सुचणारा पहिला उपाय, आणि तोच चुकीचा. एका टक्क्याच्या खाली हार्डनर आणायचं नाही. कमी करायचं ते कोबाल्ट. त्याहून सोपं म्हणजे वेळ बदलायची आणि एका वेळचा घाणा लहान करायचा. एका वेळी एक किलोच्या वर कालवू नका. कालवलेलं रेझीन बादलीत न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओता.

ट्रे कशासाठी? घट्ट होताना रेझीन स्वतः उष्णता सोडतं. काढणीच्या पावसात भिजलेल्या सोयाबीनच्या गंजीत हात घातलाय कधी? वरून थंड, आत चटका. बादलीतल्या रेझीनचं तेच होतं: आतली उष्णता बाहेर पडत नाही, तिने घट्ट होणं आणखी वेगाने होतं, त्याने उष्णता आणखी वाढते. शेवटी बादली धुरते, तडकते, कधी पेटते. उरलेलं कालवण टाकीत किंवा जिन्यात ठेवू नका. उघड्यावर मातीत पातळ पसरून द्या. भिंतीवरही याच कारणाने एका दमात तीन-चार थरांच्या वर जाऊ नये.

रोज काम सुरू करण्याआधी एक कप चाचणी करा. त्याच जागी, त्याच सावलीत १०० ग्रॅम रेझीनमध्ये दीड ग्रॅम हार्डनर घालून घड्याळ लावा. कपात ते जेवढ्या वेळात जेलीसारखं होतं, त्याच्या निम्म्या वेळात तुमचं कालवण ट्रेमधून भिंतीवर गेलेलं हवं. कप थोडा लवकर घट्ट होतो हे खरं, पण घाईच्या बाजूने चुकलेलं बरं.

हिवाळ्यातली अडचण उलटी. डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा रेझीन हलतच नाही. दहा-अकरानंतर, दव सुकल्यावर काम सुरू करावं. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

निम्मं काम मॅट हातात घेण्याआधीचं

फायबर सुटून येतं ते बहुतेक वेळा फायबरच्या दोषाने नाही, तर ते ज्याला चिकटवलं त्या भिंतीच्या दोषाने. आतून शेवाळ, चुना, जुना वॉटरप्रूफिंगचा रंग, सिमेंटचा भुसभुशीत वरचा थर हे सगळं ग्राइंडरने किंवा तारेच्या ब्रशने काढून खालचं घट्ट, खरखरीत काँक्रीट दिसलं पाहिजे. पोपडा सुटून आतली सळई गंजलेली दिसत असेल तर आधी तिची दुरुस्ती करा. गंजती सळई फुगते आणि वरचं सगळं ढकलून देते, फायबरसकट. नवीन प्लास्टर केलं असेल तर २८ दिवस थांबायचं.

मग ओल. भिंत हाताला कोरडी लागते, पण आत पाणी धरून असते. दीड फूट चौरसाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी पक्क्या चिकटपट्टीने भिंतीला लावा, दुसरा तळाला लावा, आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी आतून थेंब दिसले किंवा खालची जागा काळपट झाली, तर टाकी अजून ओली आहे. एप्रिलच्या उन्हात झाकण उघडं ठेवून आठवडाभर वाळवली तर बहुतेक टाक्या तयार होतात. मराठवाड्याच्या उन्हाचा हा एक फायदा. गॅसच्या शेगडीने घाईत वाळवू नका. वरून सुकते, आतली ओल तशीच राहते.

काटकोनात मॅट बसत नाही. भिंत आणि तळ जिथे मिळतात तिथे ती ताठ राहून पूल बांधते, मागे पोकळी उरते, आणि टाकी भरल्यावर पाण्याच्या दाबाने नेमकी तिथेच फाटते. म्हणून रेझीनमध्ये खडूची किंवा टाल्कची पूड घालून लापशीइतकी घट्ट पुट्टी करा, हार्डनर नेहमीच्याच प्रमाणात घाला, आणि सगळ्या आतल्या कोपऱ्यांना इंचभर गोलाई द्या. पितळेच्या लोट्याच्या बुडाने गोलाई छान येते, फक्त तो लोटा परत देवघरात जाणार नाही.

पाइपची तोंडं हे दुसरं हमखास गळण्याचं ठिकाण. गुळगुळीत पीव्हीसीला रेझीन नीट धरत नाही. जुने टँक निपल काढून टाका, फायबर छिद्रावरून सलग न्या, आणि सगळं वाळल्यावर नव्याने छिद्र पाडून रबरी वॉशरसह नवा निपल घट्ट आवळा. कापलेल्या कडेला रेझीनचा हात द्यायला विसरू नका, तिथून पाणी धाग्यांत शिरतं.

माल किती?

पाच फूट लांब, पाच फूट रुंद, चार फूट उंच टाकी घ्या. तिच्यात साधारण २,८०० लिटर पाणी मावतं. तळ २५ चौरस फूट, चार भिंती मिळून ८०, एकूण १०५ चौरस फूट, म्हणजे सुमारे पावणेदहा चौरस मीटर. साडेचारशेच्या मॅटचे दोन थर आणि जोडांसाठी दहा टक्के धरले तर साडेएकवीस चौरस मीटर मॅट लागते. वजन साधारण पावणेदहा किलो. मॅटच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट रेझीन धरायचं, म्हणजे २२ ते २४ किलो. त्याखाली पहिला पातळ हात अडीच किलोचा, शेवटचा वरचा हात पाच किलोचा. एकूण ३० किलोच्या आसपास, सांडलवंड धरून ३३. हार्डनर अर्धा किलो पुरतं.

रेझीन घेताना ‘साधं’ नको, ‘आयसो’ मागा. साधं, म्हणजे ऑर्थोफ्थॅलिक, कूलरच्या बॉडीला ठीक आहे. सतत पाण्यात राहणाऱ्या कामाला आयसोफ्थॅलिकच हवं. पिण्याच्या पाण्याला चालतं असं लेखी प्रमाणपत्र उत्पादकाकडून येतं, ते दुकानदाराकडे मागावं. मॅट कोरडी ठेवा. दमट मॅट वाळल्यावर दुधाळ दिसते आणि धाग्यांना राळ धरत नाही.

मॅट बसवताना

पहिला पातळ हात संध्याकाळी, ऊन उतरल्यावर द्यायचा. सकाळी भिंत तापत जाते तशी काँक्रीटच्या छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या रेझीनला फोड आणते. संध्याकाळी भिंत निवत असते, त्यामुळे तीच छिद्रं रेझीन आत ओढून घेतात. दुसऱ्या दिवशी पहाटे, तो हात किंचित चिकट असतानाच मॅटला सुरुवात करा. २४ तासांच्या वर गेलं तर खरखरीत कागदाने घासूनच पुढे जायचं.

मॅटचे तुकडे आधीच मापाने करून क्रमाने ठेवा. हार्डनर पडल्यावर कात्री शोधायला वेळ नसतो. जोडाच्या कडा कापण्यापेक्षा हाताने फाडाव्यात. विस्कटलेली कड शेजारच्या तुकड्यात मिसळून जाते, कापलेली कड पायरी करते. जोड दोन इंचांचा, आणि दुसऱ्या थराचे जोड पहिल्याच्या जोडांवर येऊ द्यायचे नाहीत. वाकळ शिवणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही.

भिंतीला आधी रेझीन लावा, त्यावर मॅट दाबा, मग वरून रेझीन. ब्रश ओढायचा नाही, टिपत जायचं. ओढला की धागे गोळा होऊन येतात. मिनिटभर थांबा. रेझीन मॅटमधलं चिकटद्रव्य विरघळवतं, मॅट सैल पडते आणि पांढरी चादर पारदर्शक होते. आता खाचांचा धातूचा रोलर फिरवा, मधून कडेकडे, बेताच्या दाबाने. पांढरा ठिपका म्हणजे एकतर हवा, नाहीतर कोरडा धागा. हवा रोलरने सरकते, कोरडा धागा सरकत नाही. त्याला थोडं रेझीन पाजायचं. कालवण जेलीसारखं ओढलं जायला लागलं की रोलर उचला. त्यानंतर फिरवलेला रोलर मॅट भिंतीवरून सोलतो.

भिंती आधी घ्या, त्यांची मॅट तळावर चार इंच उतरवा, मग तळ. तळ झाकणाच्या दिशेने मागे येत करायचा, म्हणजे शेवटी उभं राहायला जागा उरते. शेवटच्या थरावर ३० ग्रॅमची बारीक काचेची जाळी, जिला टिश्यू म्हणतात, ती लावली की टोचरे धागे झाकले जातात आणि पाण्याकडची बाजू राळेची राहते. वरच्या हातात मेणाचं द्रावण घालायचं असतं. या पॉलिस्टर रेझीनचा, साधं असो की आयसो, हवेला लागलेला पृष्ठभाग चिकट राहतो; मेण वर तरंगून हवा अडवतं. पण मेण फक्त शेवटच्या हातात. मधल्या हातात पडलं तर पुढचा थर त्याला धरणार नाही.

‘वासच येतो ना, अजून काय?’

तो वास स्टायरिनचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्टायरिनला ‘माणसात कर्करोग घडवण्याची दाट शक्यता’ असलेल्या गटात ठेवलं आहे. पण टाकीच्या कामात त्याआधीचे दोन धोके मोठे. स्टायरिनची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती टाकीच्या तळाशी, काम करणाऱ्याच्या नाकापाशी साचते; आधी डोकं जड होतं, मग भोवळ. दुसरं, ३१-३२ अंशांच्या वर त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि आपल्याकडे हे तापमान सकाळी नऊलाच गाठलं जातं. बिडी, हॅलोजन, ठिणग्या उडवणारं ड्रिल यांपैकी काहीही आत नको.

म्हणून ब्लोअर बाहेर ठेवून त्याची नळी तळापर्यंत सोडा आणि ताजी हवा सतत आत ढकला. झाकणापाशी एक माणूस कायम हवा, आणि आतला कोसळला तर त्याने घाईने आत उडी मारायची नाही, बाहेरून दोरीने ओढायचं. म्हणजे दोरी आधीच कमरेला बांधलेली हवी. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही, सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. जमिनीखालचा हौद असेल तर हे काम घरच्या घरी करूच नका.

हार्डनर हाताळताना चष्मा सक्तीचा. एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. गेलाच तर लगेच, किमान १५ मिनिटं, वाहत्या पाण्याने धुवा आणि सरळ डॉक्टरकडे जा. टंचाईच्या गावात त्यासाठी भरलेली घागर आणि तांब्या आधीच शेजारी ठेवलेला असावा.

लोक विचारतात ते

*काळी प्लास्टिकची टाकी तडकली, तिला चालेल का?* नाही. ती पॉलिथिनची असते, तिला रेझीन चिकटत नाही. आज लावलेलं ठिगळ महिन्याभरात नखाने निघतं. तिला प्लास्टिक वेल्डिंग हाच उपाय.

*एपॉक्सी, ही दुसऱ्या जातीची राळ, जास्त पक्की ना?* चिकटायला पक्कं, पण या मॅटचं चिकटद्रव्य विरघळायला स्टायरिन लागतं, ते एपॉक्सीत नसतं. एपॉक्सी वापरायचंच तर विणलेलं काचेचं कापड घ्यावं.

*हौदाला बाहेरून ओल येते, तिथे?* मागून ढकलणाऱ्या पाण्यापुढे कुठलंही आतलं अस्तर टिकणं कठीण. आधी बाहेरचं पाणी वळवा.

*पाणी प्यायला कधीपासून?* निदान सात दिवसांनी, झाकण उघडं ठेवून. मॅट लावताना नको झालेलं ऊन आता उपयोगी पडतं: उष्णतेने राळ पक्की होते आणि उरलेलं स्टायरिन उडून जातं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात स्टायरिनची मर्यादा लिटरला ०.०२ मिलिग्रॅम ठरवली आहे, म्हणून ही घाई महागात पडते. साबणाने धुऊन टाकी भरा, दिवसभर ठेवा, आणि वास पूर्ण जाईपर्यंत ते पाणी संडासाला किंवा बांधकामाला वापरा.

भरण्याआधी रुपयाच्या नाण्याने सगळीकडे ठोकून बघा, बाजारात मडकं वाजवून घेतो तसं. भरीव टणटण यायला हवी. जिथे बद्द वाजेल तिथे मागे पोकळी आहे. तेवढा भाग कापून, घासून पुन्हा दोन थर द्या.

मग टाकी भरा आणि पातळीवर पेन्सिलने खूण करा. उन्हाळ्यात पाणी नुसतं उडूनही जातं, म्हणून एका बादलीत पाणी भरून तिलाही खूण करा आणि ती टाकीतच पाण्यात टेकवून ठेवा, काठ वर राहील अशी. दोन दिवसांनी दोन्हीकडे पातळी सारखीच उतरली असेल तर ते पाणी उन्हाने नेलं. टाकीची जास्त उतरली असेल तर ती रिकामी करा आणि नाणं घेऊन आधी पाइपच्या तोंडापाशी बसा.